परदेशी कर्मचारी नेमताना कंपनीने पाळायच्या अटी आणि मुदती

नाशिकमधील अंबडच्या एखाद्या कारखान्यात जर्मन टूलिंग तज्ज्ञ किंवा दिंडोरीच्या वाइनरीत फ्रेंच वाइनमेकर नेमायचे ठरले, की व्यवस्थापनाचे सारे लक्ष व्हिसाकडे लागते आणि तो हाती आला की फाइल कपाटात जाते. वास्तविक कंपनीची जबाबदारी तेथून सुरू होते. गृह मंत्रालयाच्या धोरणानुसार, परदेशी व्यक्तीला नोकरीसाठी बोलावणारी भारतीय कंपनी तिच्या येथील वर्तनाला आणि व्हिसाची मुदत संपल्यावर तिच्या परत जाण्यालाही जबाबदार धरली जाते. तेव्हा ही जबाबदारी लेखी स्वीकारणाऱ्या हमीपत्रावर सही करणाऱ्या संचालकाने ते आधी वाचून घ्यावे.

पहिला प्रश्न पदाचा. बैठकीला किंवा खरेदीच्या बोलण्यांसाठी येणाऱ्याला बिझनेस व्हिसा चालतो. पगारपत्रकावर येणाऱ्याला एम्प्लॉयमेंट व्हिसाच लागतो, आणि तो नेहमीच्या कारकुनी कामांसाठी किंवा ज्या कामाला पात्र भारतीय माणसे उपलब्ध आहेत अशा कामासाठी दिला जात नाही. म्हणून नियुक्तिपत्रात नुसते ‘मॅनेजर’ असे न लिहिता ती व्यक्ती नेमके कोणते काम करणार आहे आणि त्यासाठी तिचा कोणता अनुभव आवश्यक आहे, हे स्पष्ट लिहावे.

दुसरा प्रश्न पगाराचा, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका येथेच होतात. आपल्या देशाचे पदार्थ करणारे परदेशी स्वयंपाकी, इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक, अनुवादक असे काही अपवाद सोडले, तर वार्षिक पगार किमान १६.२५ लाख रुपये असावा लागतो. रोख पगार व भत्ते यांबरोबर घरासारख्या सुविधांचे मूल्यही त्यात धरता येते. परंतु प्राप्तिकरासाठी जेवढे मूल्य पगारात मोजले जाते तेवढेच, आणि तो आकडा करारात स्वतंत्रपणे लिहिलेला असेल तरच. समजा, करपात्र रोख पगार १४.७५ लाख आहे आणि कंपनीने गंगापूर रोडवर दरमहा १८,००० रुपये भाड्याने फ्लॅट घेऊन दिला आहे. वर्षाचे भाडे २.१६ लाख होते, म्हणजे बेरीज १६.९१ लाख, असे समजून एचआर निश्चिंत होतो. परंतु सप्टेंबर २०२३ पासूनच्या प्राप्तिकर नियमानुसार कंपनीने भाड्याने घेतलेल्या घराचे मूल्य पगाराच्या १० टक्के किंवा प्रत्यक्ष भाडे यांपैकी जे कमी असेल ते धरायचे असते. ते येथे १,४७,५०० रुपये भरते आणि बेरीज १६,२२,५०० वर थांबते, म्हणजे अडीच हजारांनी कमी. रोख पगारच १६.२५ लाखांच्या वर ठेवणे हा सरळ मार्ग आहे. घराचा हिशेब कागदावर सुरेख दिसतो, पण मुदतवाढीच्या वेळी टीडीएसचे आकडे पुढे आले की तोच डोकेदुखी ठरतो.

व्यक्ती नाशकात उतरली की घड्याळ सुरू होते. परदेशी पाहुण्याला ठेवून घेणाऱ्याने, मग ते हॉटेल असो, घरमालक असो वा कंपनीचे गेस्ट हाऊस, आगमनापासून २४ तासांच्या आत माहिती ऑनलाइन कळवायची असते. व्यवहारात तिला अजूनही ‘फॉर्म सी’ म्हणतात. आमच्याकडे एकदा पाहुणे शनिवारी रात्री मुंबईहून आले, केअरटेकरने किल्ली दिली, चहा दिला, पासपोर्ट मात्र कोणी पाहिला नाही आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता प्रकार लक्षात आला. पुढे नोंदणीच्या अर्जाला राहण्याचा हाच पुरावा लागला तेव्हा उशिराचे स्पष्टीकरण मलाच लिहावे लागले. फॉर्म भरण्यासाठी लागणारे खाते आधी मंजूर करून घ्यावे लागते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच ते उघडावे आणि त्याचा पासवर्ड सुट्टीच्या दिवशी कामावर असणाऱ्या माणसाकडेही असावा.

व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आगमनापासून १४ दिवसांच्या आत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते. पासपोर्ट, व्हिसा, करार, कंपनीचे हमीपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्र या सर्वांवर नाव, पदनाम आणि कंपनीचा पत्ता अक्षरशः सारखा आहे ना, हे अपलोड करण्यापूर्वी एका बैठकीत ताडून पाहावे. कर्मचारी नाशिक शहरातून सिन्नरला किंवा गोंद्याला राहायला गेला, तर तो पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतून ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत जातो. हा बदलही कळवायचा असतो.

भविष्य निर्वाह निधीत अशा कर्मचाऱ्याला ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ म्हणतात. १ ऑक्टोबर २००८ पासून त्याला वेतनमर्यादा लागू नाही, म्हणजे वर्गणी पूर्ण पगारावर भरावी लागते. मूळ पगार दरमहा १,००,००० असेल, तर कर्मचारी व कंपनी या दोघांनाही प्रत्येकी १२,००० रुपये भरावे लागतात. जर्मनी, फ्रान्स, जपान अशा सामाजिक सुरक्षा करार असलेल्या देशातून पाठवलेल्या कर्मचाऱ्याने ‘कव्हरेज सर्टिफिकेट’, म्हणजे तो तेथील सामाजिक सुरक्षा योजनेत असल्याचा दाखला, आणले, तर सूट मिळते. ते तेथेच मिळवावे लागते, म्हणून ऑफर लेटरसोबतच मागावे. करार नसलेल्या देशाच्या नागरिकाला ही रक्कम साधारणपणे वयाच्या ५८ वर्षांनंतरच काढता येते, हेही त्याला रुजू होण्यापूर्वी सांगावे.

एम्प्लॉयमेंट व्हिसा एका विशिष्ट कंपनीसाठी असतो. मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यातील बदलीसारखी प्रकरणे वगळता भारतात राहून नोकरी बदलता येत नाही, आणि अशी बदलीही परवानगी घेऊनच करता येते. मुदतवाढ एकेका वर्षाने, एकूण ५ वर्षांपर्यंत मिळू शकते. तिची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहणे किंवा व्हिसाच्या अटी मोडणे यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.

कर्मचाऱ्याने राजीनामा दिला किंवा कंपनीने करार संपवला, तर ते नोंदणी अधिकाऱ्याला तत्काळ लेखी कळवावे, त्याची पोच फाइलला लावावी, आणि शेवटचा हिशेब चुकता करण्यापूर्वी त्याचे परतीचे तिकीट व प्राप्तिकराची पूर्तता पाहून घ्यावी.