सॉकेट निवडणारा बीपीएफ प्रोग्राम लिहिताय? या चुका टाळा

वरुड-मोर्शी भागातल्या संत्रा बागांमध्ये जमिनीतली ओल मोजणारी यंत्रं बसवायचं काम मी करतो. यंत्रं तीन वेगवेगळ्या कारखान्यांची. कोणतं ५०२१ पोर्टवर माहिती पाठवतं, कोणतं ५०४० वर, कोणतं ६१०० वर. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, तो यंत्रात आतच पक्का केलेला असतो. बदलायचा तर वावरावावरात जाऊन पेटी उघडावी लागते. म्हणून आमच्या सर्व्हरवर एकच सेवा ५००० वर ऐकते आणि बाकीच्या साठेक पोर्टांवर येणाऱ्या जोडण्या कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिच्याकडेच वळवतो.

हे वळवण्याचं काम एसके-लुकअप जातीचा बीपीएफ प्रोग्राम, म्हणजे कर्नलाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, करतो. क्लाउडफ्लेअर या कंपनीतल्या याकुब सित्निकी यांनी तो मांडला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये लिनक्स ५.९ सोबत तो कर्नलात आला. टीसीपीची नवी जोडणी आली, किंवा न जोडलेल्या यूडीपी सॉकेटसाठी पॅकेट आलं (यूडीपीत जोडणी न करताच पॅकेट पाठवतात; सॉकेट म्हणजे सेवेने उघडलेलं जोडणीचं टोक), की कर्नलाला प्रश्न पडतो: हे कोणाचं? ऐकणारं सॉकेट शोधण्याआधी तो आपल्या प्रोग्रामला विचारतो. आपण सॉकेट दाखवायचं, बस. दाखवायची सॉकेटं सॉकमॅप नावाच्या नकाशात, म्हणजे कर्नलातल्या यादीत, आधी नोंदवलेली असतात. याच्या मागेपुढे काय होतं, त्यात हा प्रोग्राम पडत नाही. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं नेमकी इथंच फसतात. नेटवरचा नमुना उतरवतात, एकदा चाललेला पाहतात आणि गाडी काढून घरी जातात.

नकाशातली नोंद कायमची आहे असं समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून सविस्तर सांगतो.

जानेवारीचे दिवस होते. आंबिया बहाराचा ताण तोडायची वेळ, म्हणजे बागेला पाणी कधी सोडायचं हा वर्षातला सगळ्यात नाजूक निर्णय. एका काकांचा फोन आला, "बाप्पा, माह्या वावरातलं यंत्र तीन दिवसांपासून मुकं हाये. पानी सोडू का नको, सांग ना!"

मी सर्व्हर पाहिला. सेवा चालू. उघडी सॉकेटं दाखवणाऱ्या एसएस कमांडमध्ये ५००० ऐकताना दिसत होता. त्याच पोर्टवर स्वतः जोडून पाहिलं, लगेच जोडलं. ५००० वरच पाठवणाऱ्या काही यंत्रांचे आलेखही व्यवस्थित येत होते. म्हणजे दोष सिमचा किंवा टॉवरचा, असं मी ठरवून टाकलं. मोटरसायकलवर दोन दिवस फिरून सिम बदलले.

तिसऱ्या दिवशी येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प लावला, जो पहिल्या तासात लावायला हवा होता. यंत्राची विनंती ५०२१ वर नीट पोचत होती आणि आमचाच सर्व्हर रीसेट पाठवून तिला परतवत होता.

झालं असं होतं: रात्री अपडेट झाला आणि सेवा पुन्हा सुरू झाली. जुनी प्रक्रिया गेली तेव्हा तिचं सॉकेट बंद झालं. सॉकमॅपमधलं सॉकेट बंद झालं की कर्नल त्याची नोंद आपोआप काढून टाकतो, आणि ते बरोबरच आहे. नव्या सेवेने ५००० वर नवं सॉकेट उघडलं, पण ते नकाशात कोणी घातलंच नाही. ५००० ला नकाशा लागतच नव्हता, नेहमीच्या शोधात तो सापडत होता. बाकी साठ पोर्ट मात्र आंधळे झाले. काकांनी शेवटी मूठभर माती हातात चुरून पाहिली आणि स्वतःच्या अंदाजाने पाणी सोडलं.

आता ऐकणारं सॉकेट मी सेवेला उघडूच देत नाही. ते सिस्टिमडीच्या (सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) सॉकेट युनिटकडे असतं. सेवा दहादा पडली-उठली तरी सॉकेट तेच राहतं. शिवाय सुरू होताना सेवा दर वेळी नोंद पुन्हा करते. "एकदा केली की पुरे" हा शॉर्टकट मला कोणी सुचवला तर मी त्याला हीच गोष्ट सांगतो.

याच प्रकरणात अर्धा तास आणखी एका गोष्टीने खाल्ला. नकाशातल्या नोंदीच्या मूल्याचा आकार मी ४ बाइट ठेवला होता. असा सॉकमॅप यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलाबाहेरच्या प्रोग्राममधून, वाचता येत नाही, आणि कर्नल चूक सांगतो ती "जागा शिल्लक नाही" अशी. मी नकाशा भरला का ते शोधत बसलो. आकार ८ बाइट ठेवा. मग वाचताना सॉकेटची कुकी, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, मिळते. एसएसच्या विस्तारित माहितीतही तीच कुकी असते, दोन्ही जुळवून पाहा.

पोर्टाचे बाइट उलटे वाचणं

कर्नल प्रोग्रामला जी माहिती देतो तिच्यातला स्थानिक पोर्ट यजमान यंत्राच्या (सर्व्हरच्या) बाइट-क्रमात असतो, पलीकडचा पोर्ट मात्र नेटवर्कच्या क्रमात. दोन्ही शेजारीशेजारी, तरी क्रम वेगळा. पोरं सवयीने दोन्ही उलटतात. ८०८० उलटला की ३६८९५ होतो, अट कधीच खरी ठरत नाही आणि कुठेही चूक दिसत नाही. पॅकेट गुपचूप नेहमीच्या शोधाकडे जातं. मी सुरुवातीलाच स्थानिक पोर्ट छापून पाहतो, मगच तुलना लिहितो. पत्ते दोन्ही बाजूंचे नेटवर्क क्रमातच असतात, हेही कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा.

यूडीपीचं उत्तर विसरणं

टीसीपीत चिंता नाही. स्वीकारलेल्या जोडणीचा स्थानिक पत्ता आणि पोर्ट तोच असतो, जो यंत्राने मागितला होता. यूडीपीत तसं नाही. पॅकेट ६१०० वर आलं, आपण ५००० च्या सॉकेटकडे वळवलं, सेवेने उत्तर दिलं, तर ते ५००० वरून जातं. यंत्राने ६१०० ला विचारलेलं असतं, ते अनोळखी उत्तर फेकून देतं. मूळ पोर्ट कोणता होता ते सॉकेटच्या एका पर्यायाने कळतं, पण त्या पोर्टवरून उत्तर पाठवायला तो पोर्ट बांधलेलं वेगळं सॉकेट ठेवावं लागतं. मी यूडीपी फक्त एकतर्फी माहितीसाठी वापरतो, जिथे उत्तराची अपेक्षाच नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

प्रोग्रामने ड्रॉप (म्हणजे नकार) परत केलं की पॅकेट गुपचूप नाहीसं होतं, असं मानू नका. शोध अयशस्वी ठरतो आणि टीसीपीच्या ग्राहकाला रीसेट मिळतो. शांतपणे गाळायचं असेल तर ते फायरवॉलचं काम.

आयपी पत्ता सर्व्हरचा स्वतःचा नसेल तर पॅकेट सॉकेट शोधापर्यंत पोचतच नाही. पत्त्यांची रांग घ्यायची असेल तर आधी लोकल रूट घाला.

प्रोग्राम नेटवर्क नेमस्पेसला, म्हणजे नेटवर्कच्या एका वेगळ्या कप्प्याला, जोडला जातो. यजमानावर जोडलात आणि सेवा कंटेनरच्या स्वतःच्या नेमस्पेसमध्ये असेल, तर तिथे येणाऱ्या पॅकेटला तो दिसत नाही.

जुनी जोडणी उघडी ठेवून बदल तपासू नका. जुळलेल्या जोडणीचं पॅकेट या प्रोग्रामकडे येत नाही.

एकाहून जास्त प्रोग्राम जोडले तर सॉकेट निवडणाऱ्यांपैकी शेवटच्याची निवड चालते. दुसऱ्याने काय जोडून ठेवलंय ते बीपीएफटूल या कमांडच्या लिंक यादीत आधी पाहा.

वळवलेले पोर्ट एसएसमध्ये दिसणार नाहीत. त्यात बिघाड शोधू नका.

उबुंटू २०.०४ चा मूळ कर्नल ५.४ आहे, त्यात ही सोयच नाही. तीन तास कोड तपासण्याआधी युनेम चालवून कर्नलाची आवृत्ती पाहा.

शेवटची चूक लाइटीची. प्रोग्राम जोडणारी लिंक पिन केली नाही, म्हणजे बीपीएफच्या फाइल सिस्टिममध्ये टिकवली नाही, तर ती लोडर (प्रोग्राम कर्नलात चढवणारी प्रक्रिया) बंद होताच सुटते. पिन केली तरी ती फाइल सिस्टिम मेमरीतच असते, म्हणून लाइट गेली आणि यूपीएस संपला की सगळं पुसलं जातं. आमच्याकडे उन्हाळ्यात हे आठवड्यातून दोनदा होतं. लोडर, सॉकेट युनिट आणि सेवा यांचा क्रम बूटमध्येच बांधा. नवीन सर्व्हर लावला की मी भरदिवसा, सगळे समोर असताना, त्याची वायर काढतो, पाच मिनिटं थांबून परत लावतो आणि कशालाही हात न लावता ५०२१ वर पहिली नोंद येईपर्यंत तिथेच बसतो.