क्रेप कागदाच्या गुलाबांचा गुच्छ

प्रिय व्यक्तीला द्यायचा गुच्छ सात गुलाबांचा पुरे. बारांचा घाट घातला की शेवटची फुलं उरकली जातात आणि नेमकी तीच पुढे दिसतात.

क्रेप कागद जाडच घ्या. झालरींसाठी मिळतो तो पातळ कागद ताणला की फाटतो. देठासाठी 18 गेजच्या तारेचे 30 सेंमीचे सात तुकडे, पानांसाठी 24 गेजची तार (आकडा मोठा तितकी तार बारीक), हिरवी फ्लोरल टेप, पांढरा गम, कापूस, दोरा आणि पक्कड लागेल.

क्रेपवर बारीक सुरकुत्यांच्या रेघा असतात. कागद त्या रेघांना आडवा ताणला जातो, रेघांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे पाकळी कापताना रेघा तळापासून टोकाकडे उभ्या हव्यात. इथे चुकलं तर पाकळीला खोलगटपणा येत नाही आणि पुढे काही केलं तरी फूल सपाटच राहतं.

एका फुलाला पंधरा पाकळ्या: 4×5 सेंमीच्या तीन, 5×6 च्या पाच, 6×7 च्या सात. लहान पाकळ्या थेंबाच्या आकाराच्या, बाकीच्या वर रुंद आणि खाली निमुळत्या. पाकळीच्या मधोमध दोन्ही अंगठे ठेवून हलकेच बाहेर ताणा, कडा मात्र सोडा. ताणलेला क्रेप पूर्ववत होत नाही, म्हणून बेतानेच. मधल्या आणि मोठ्या पाकळ्यांची वरची कड विणकामाच्या सुईवर मागे वळवा.

तारेचं टोक पक्कडीने वाकवून छोटा आकडा करा, नाहीतर फूल देठावर गरगर फिरतं. त्यावर 2 सेंमी उंच कापसाची कळी, वर क्रेपचा तुकडा, खाली दोरा घट्ट. लहान तीन पाकळ्या इतक्या आवळून गुंडाळा की कापूस कुठूनही डोकावणार नाही. कळी जाड झाली तर गुलाबाऐवजी कोबी होतो. पुढची प्रत्येक पाकळी आधीचीला निम्मी झाकेल अशी लावा. सगळ्यांचे तळ एकाच जागी. तळ घसरत खाली गेले की फूल लांबुळकं होतं.

गम तळाच्या 1 सेंमीलाच, तोही पातळ. जास्त झाला की कागद ओला होतो, रंग सुटतो, आणि बोटांना लागलेला लाल रंग पुढच्या फिकट पाकळीवर उमटतो. ग्लू गनने काम झटपट होतं खरं, पण तळाशी गाठी येतात आणि त्यावर टेप बसत नाही.

टेप चिकटत नाही म्हणून फेकून देऊ नका. ती ताणल्यावरच चिकट होते. एका हाताने टेप तिरकी ताणत दुसऱ्या हाताने तार फिरवत खाली या; 24 गेजच्या तारेवर लावलेली पानं मध्येच तिच्यात गुंडाळली जातात.

गुच्छ बांधताना एक फूल मधोमध धरा आणि बाकीचे देठ एकाच बाजूला तिरके, एकाच ठिकाणी एकमेकांना छेदतील असे ठेवा. एखादा देठ उलटा गेला की सगळी रचना अडते. छेदतात तिथेच दोऱ्याने बांधा, त्यावर रिबन. तारांची टोकं एका पातळीत कापून टेपने झाका, घेणाऱ्याच्या हाताला टोचायला नकोत.

सुगंध हवा असेल तर अत्तर कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो वेष्टनात आत सरकवा. पाकळ्यांवर फवारलं तर डाग पडतात.