ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत घरचा कांदा कधी आणि कसा काढावा

घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर, खारघर-उलव्याकडच्या परसांत आणि मुरबाड-शहापूरच्या गावच्या वाफ्यांत हौसेने चार-पाच किलो कांदा पिकवणारी मंडळी आता बरीच दिसतात. रोपे लावणे, तण काढणे, पाणी देणे हे सगळे त्यांना जमते. फसगत होते ती काढणीच्या वेळी. कारण काढणीची माहिती बहुतेक जण थंड देशांतल्या बागकामाच्या व्हिडिओंतून घेतात आणि तिथला शेतकरी कांदा काढतो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे आपल्याकडे गच्चीत पाणी साचलेले असते तेव्हा.

हा फरक केवळ थंडी-उन्हाळ्याचा नाही. कांद्याची गाठ कधी धरायची हे रोप दिवसाच्या लांबीवरून ठरवते. उत्तर युरोपात किंवा कॅनडात लावल्या जाणाऱ्या जातींना त्यासाठी 14 ते 16 तासांचा दिवस लागतो आणि तो त्यांना जून-जुलैत मिळतो. ठाण्यात मात्र वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. त्यामुळे परदेशी पाकिटातले बी इथे लावले, तर पात छान हिरवीगार वाढते, पण खाली कांदा पोसत नाही, आणि कितीही वाट पाहिली तरी काढणीची वेळ येत नाही. अशी रोपे पातीचा कांदा म्हणून भाजीत घालावीत आणि मोकळे व्हावे. आपल्याकडच्या एन-2-4-1, भीमा किरण, भीमा शक्ती यांसारख्या रब्बी जाती आपल्या लहान दिवसांतच गाठ धरतात, म्हणून पुढचे सर्व विवेचन त्यांना धरून आहे.

थंड देशातल्या शेतकऱ्याला भीती असते ती शरदातल्या पावसाची आणि हिमाची. आपल्याला भीती असते ती मे महिन्यातल्या वळवाची. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून मानली जाते, परंतु हवेतला दमटपणा आणि एखादी अवकाळी सर त्याच्या कितीतरी आधी येते. उपटल्यानंतर तीन-चार दिवस पातीसह वाळवणे आणि त्यापुढे सावलीत दोन आठवडे सुकवणे, एवढा कोरडा काळ कांद्याला हवाच असतो. तो मागे मोजत आणला, तर काढणी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकली पाहिजे असा हिशेब निघतो. रब्बी कांदा पुनर्लागणीनंतर साधारण 110 ते 120 दिवसांत तयार होतो, म्हणजे रोपे डिसेंबरच्या उत्तरार्धात, फार तर जानेवारीच्या पहिल्या दिवसांत मातीत गेलेली असावीत. जानेवारीच्या अखेरीस लावलेला कांदा पोसतोही चांगला, पण तो तयार होतो नेमका ढग जमू लागल्यावर.

आता मुख्य खूण, म्हणजे मान. कांदा वाढत असतो तोपर्यंत मधून नवी पाने येत राहतात आणि त्यांच्या आधाराने मान ताठ असते. कांदा पूर्ण पोसला की नवी पाने येणे थांबते, मान आतून पोकळ होते आणि पातीचे वजन तिला पेलवत नाही. ती जमिनीलगत मुडपते आणि पात आडवी होते. यालाच शेतकरी माना पडणे म्हणतात. पात पडली तरी ती हिरवी असते आणि तिच्यातला अन्नरस अजून कांद्यात उतरत असतो, म्हणून पहिली मान पडताच घाई करू नये. वाफ्यातल्या निम्म्याहून अधिक, साधारण 50 ते 70 टक्के माना पडल्या की काढणी करावी. उलट बाजूने, सगळी पात वाळून करडी होईपर्यंत थांबणेही चुकीचे आहे, कारण तोवर बाहेरची टरफले तडकू लागतात आणि जमिनीत ओल मिळाली तर कांदा नव्याने मुळे सोडतो. शंका असेल तेव्हा मान अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पाहावी. कच्च्या कांद्याची मान कोवळ्या देठासारखी टणक आणि रसदार लागते. तयार कांद्याची मान मऊ, चपटी होते आणि आतली पोकळी बोटांना कळते.

काही व्हिडिओंत उभ्या पाती पायाने किंवा हाताने वाकवण्याचा सल्ला दिलेला असतो. रब्बी कांद्यावर हा प्रयोग करू नये. वाढ मध्येच तुटते आणि मुरगळलेल्या जागेतून कूज आत शिरते. खरीप कांद्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या माना आपोआप पडत नाहीत, म्हणून शेतकरी काढणीच्या दोन-तीन दिवस आधी वाफ्यावरून रिकामे पिंप फिरवून त्या पाडतात. पण तो कांदा साठवणीचा नसतोच, लगेच विकायचा किंवा खायचा असतो.

पाणी तोडण्याच्या बाबतीत गच्ची आणि शेत यांत फरक करावा लागतो. जमिनीतल्या पिकाचे पाणी काढणीच्या 15 ते 20 दिवस आधी थांबवतात. ग्रो-बॅगेतली माती एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत कोरडी पडते, म्हणून तिथे पहिल्या काही माना झुकताच पाणी निम्मे करावे आणि निम्म्या पडल्या की पूर्ण बंद करावे. नत्र असलेले खत मात्र लागवडीनंतर 60 दिवसांच्या पुढे दोन्ही ठिकाणी देऊ नये. मी एका वर्षी पात पिवळी दिसते म्हणून मार्चच्या मध्यावर शेणखताचे पाणी भरपूर घातले. कांदे मोठे झाले, शेजाऱ्यांनी कौतुकही केले, पण सगळ्यांच्या माना अंगठ्याएवढ्या जाड राहिल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात टोपली उचलली तेव्हा खालून पाणी ठिबकत होते.

काढणी सकाळी दव उडाल्यावर करावी. माती घट्ट असेल तर नुसती पात धरून ओढू नये, मान तुटते. खुरप्याने बाजूची माती सैल करून कांदा खालून उचलावा. मुळांची माती झटकताना कांदे एकमेकांवर आपटण्याची सवय अनेकांना असते, ती टाळावी. अशा आपटण्याचा डाग त्या दिवशी दिसत नाही, पंधरा दिवसांनी तीच जागा मऊ पडते. धुणे तर मुळीच नको.

उपटलेले कांदे तीन-चार दिवस पातीसह वाळवतात, पण उघड्या उन्हात नव्हे. शेतात ते ओळीने असे मांडतात की मागच्या ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यांवर येते आणि ऊन पातीला लागते, कांद्याला नाही. गच्चीवर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण दुपारी तापलेल्या स्लॅबवर कांदा अक्षरशः भाजतो आणि त्याच्या अंगावर पांढुरके, लिबलिबीत डाग पडतात. खाली बाजेसारखी जाळीची चौकट किंवा उलटे क्रेट ठेवून वर हिरवी शेडनेट बांधली, म्हणजे हवा खालून-वरून खेळते. रात्री मात्र पत्र्याखाली किंवा बाल्कनीत आणावे. खाडीकडच्या हवेत पहाटेपर्यंत सगळे ओलसर होते.

पात वाळली की ती कापताना मान 2.5 ते 3 सेंटिमीटर ठेवावी, पातीला थोडा पीळ देऊन कापल्यास तोंड चांगले मिटते. अगदी बुडाशी कापलेल्या कांद्याचे तोंड उघडे राहते आणि बुरशीला तेवढेच पुरते. ज्यांना कापायचेच नसेल त्यांनी अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याची रीत उचलावी. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा तिकडे भाताच्या शेतात पीक निघाल्यावर घेतात आणि वाळत आलेल्या पातीची वेणी घालून त्याच्या माळा विकतात. वेणी घालण्यासाठी पात पूर्ण कुरकुरीत होण्याआधी, थोडी चिवट असतानाच बसावे लागते. टांगलेल्या माळेला चहूबाजूंनी वारा लागतो, त्यामुळे फ्लॅटमध्ये ही साठवण मला क्रेटपेक्षाही सोयीची वाटते.

पुढचे दोन आठवडे कांदे सावलीत पसरून ठेवावेत. थंड देशांतले लोक हे काम शेडमध्ये किंवा माळ्यावर पंखा लावून करतात आणि त्यांची एवढी एक गोष्ट आपण जशीच्या तशी घ्यावी. छताच्या पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरलेला कांदा दमट हवेतही सुकतो. सुकला की नाही हे पुन्हा मानच दाखवते: ती चिमटीत फिरवली तर आत काहीही सरकत नाही, आणि मूठभर कांदे हलवले तर वरची टरफले वाळक्या पानांसारखी वाजतात.

साठवण्यापूर्वी जोड कांदे, डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेले, जाड मानेचे आणि खुरप्याचा घाव लागलेले वेगळे काढून आधी स्वयंपाकाला वापरावेत. डेंगळ्याच्या कांद्यात मधोमध कडक दांडा असतो, तो काढून टाकला की उरलेला भाग खायला चांगला असतो. चिंगळी, म्हणजे अगदी बारीक राहिलेला कांदा लोणच्याला किंवा मसाल्याच्या भरल्या भाजीला उपयोगी पडतो.

बाकीचे कांदे एक-दोन थरांत, बांबूच्या टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत, भिंतीपासून थोडे दूर ठेवावेत. थंड देशांत तळघरात शून्याच्या आसपास तापमानात ते टिकतात, आपल्याकडच्या कांदाचाळीत 25 ते 30 अंशांवर टिकतात. मधल्या 10 ते 20 अंशांत मात्र कोंब फुटतात. फ्रीजमध्ये गारव्याबरोबर ओलही असते, म्हणून अख्खा कांदा तिथे ठेवू नये. बटाट्यांच्या टोपलीतही नको, सिंकखाली तर नाहीच. टरफलाखाली काजळीसारखी काळी पूड दिसू लागली, तर ती बुरशी आहे आणि हवा कोंडल्याची खूण आहे.

नाशिककडच्या चाळीत हाच कांदा पाच-सहा महिने राहतो, तेवढी अपेक्षा खाडीकाठच्या घरात धरू नये. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घरोघरी कांद्याची भजी आणि थालीपिठे होतात; त्यानंतर चातुर्मासात अनेक घरांत कांदा वर्ज्यच असतो. आमच्या घरात घरच्या कांद्याची शेवटची टोपली त्याच दिवशी रिकामी होते, आणि तोवर दर आठवड्याला एकेका कांद्याची मान दाबून पाहून मऊ लागलेला त्याच दिवशी फोडणीत जातो.