डॉल्फिन दिसला की मशीन न्यूट्रलला टाका

मालवणजवळच्या देवबागला माझ्या होडीवर पाटी होती: 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत'. मीच रंगवलेली, लाल अक्षरात. ती काढली त्याचं कारण आधी सांगतो.

फेब्रुवारीतली सकाळ होती. निवतीच्या बाजूला चार होड्या, पाचवी माझी. मधे एक मादी, तिच्या कुशीला चिकटलेलं पिल्लू. एकाने डावीकडून दाबलं, दुसऱ्याने पुढून होडी आडवी घातली. ती खाली गेली. जिथे वर येईल तिथे आम्ही हजर. होडीतली माणसं "तो बघा, तो बघा" करत होती आणि मी खुशीत मूठ पिळत होतो. मागे माझे बाबा बसले होते. त्यांचा सगळा जन्म रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलेला. ते एवढंच म्हणाले, "अरे, तेका दम तरी घेवंक दी."

डॉल्फिन मासा नाही हे आपण शाळेत शिकतो आणि होडीत बसल्यावर विसरतो. त्याचं नाक डोक्यावर असतं. आपण झोपेतही आपोआप श्वास घेतो, त्याला प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. म्हणून तो झोपतो तेही अर्धा मेंदू जागा ठेवून. तो वर येतो तो तुम्हाला बघायला नाही, हवा घ्यायला येतो. आम्ही पाच होड्यांनी त्या बाईची हवा अडवली होती.

पाटी त्याच आठवड्यात उतरवली. 'पैसे परत' म्हटलं की डिझेल, वेळ आणि अब्रू तिन्ही पणाला लागतात, आणि मग होडीवाला पाठलाग करतोच. तेव्हा तुमच्यासाठी पहिली सूचना: असली हमी देणाऱ्या होडीत बसू नका. भाव करताना उलट विचारा, "दिसला नाही तर परत फिरशील ना, की मागे लागशील?" प्रश्न ऐकून जो हसतो त्याच्याकडे जाऊ नका. जो थांबून उत्तर देतो त्याच्याशी बोला.

निघायचं कधी

सकाळी साडेसहा-सातला. मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, पडेपर्यंत पाणी तेलासारखं असतं, डॉल्फिनची पाठ लांबूनही दिसते, त्यामुळे शोधत हिंडावं लागत नाही. दहानंतर समुद्रावरचा वारा सुटला की लाटांवर पांढरं येतं. मग होडीवाला अंदाजाने इकडेतिकडे पळतो, आणि एखाद्याच्या डोक्यावरूनच होडी जाते.

आमच्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुधा कुबड असलेला डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. हा उथळ पाण्यातला प्राणी. कर्ली नदी समुद्राला मिळते तसल्या ठिकाणी मासळी जमते, तिथे तोही येतो. म्हणजे आपल्या होड्या, आपली जाळी आणि त्याचं घर एकाच पट्ट्यात. आपण त्रास दिला म्हणून तो खोल समुद्रात निघून जाईल असं नाही, त्याला जायला दुसरीकडे जागाच नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. मादीला पिल्लू होतं ते काही वर्षांतून एकदा, एकच.

दिसल्यावर काय करायचं

अंतर किमान पन्नास मीटर. समुद्रात मीटर कोण मोजणार? माझी होडी पंचवीस फुटी. अशा सात होड्या एकामागे एक लावल्या तर जेवढं होईल तेवढं. तुमच्या डोळ्यांना हे लांब वाटेल. तिथेच मशीन न्यूट्रलला टाकायचं. एकदम बंद करून परत खेचून चालू करण्यापेक्षा हे बरं, त्याला होडी कुठे आहे ते कळत राहतं.

जायचं नेहमी बाजूने, त्याच्या वाटेला समांतर, त्याच्या चालीने. पुढून आडवं जायचं नाही, मागून दाबायचं नाही, कळपाच्या मधून तर कधीच नाही. आधीच दोन होड्या असतील तर तिसऱ्याने लांब थांबावं. दहा-पंधरा मिनिटं झाली की निघायचं. पिल्लू दिसलं तर त्याआधीच. तो आपणहून होडीकडे आला तर मात्र नशीब समजा आणि गप्प बसा, शिट्ट्या मारू नका.

त्याला त्रास होतोय हे कसं ओळखायचं? मी होडीतल्या पोरांना एक काम देतो: श्वास मोजायचे. 'फुस्स' आवाज आला की एकपासून मोजायला लागा, पुढचा 'फुस्स' येईपर्यंत. आकडे वीस, पंचवीस, बावीस असे चालले असतील तर तो निवांत आहे. आपण जवळ सरकल्यावर आकडा एकदम साठ-सत्तरवर गेला, किंवा तो वर आला तो भलत्याच दिशेला तोंड करून, किंवा सगळे एकमेकांना चिकटून पोहायला लागले, शेपटी पाण्यावर आपटली, तर समजायचं की आपण नकोसे झालोय. मागच्या दिवाळीत पुण्याची एक चौथीतली मुलगी मोजत होती. एकोणसत्तरला तिने मोजणं थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, आपण जरा जास्तच आलोय." तिचे वडील फोटोसाठी अजून पुढे घ्या म्हणत होते. मी मुलीचं ऐकलं.

वेफर्स, बिस्किटं, पाव काही टाकायचं नाही. कायद्यानेही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या एकदा वाचा. मारणं तर त्यात आहेच, पण प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं हेही आहे. डॉल्फिन, देवमासा, डॉल्फिनसारखाच दिसणारा पॉरपॉइज, सगळे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षं. हे मी आमच्या होडीवाल्यांना सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "म्हंजे आमी इतकी वर्सां शिकारच करी होतंव?" त्याला मी काय उत्तर देणार, मीही तेच करत होतो.

जाळ्यात अडकला तर

हे मासेमारांसाठी. माझ्या मते खरं मरण इथेच आहे, पर्यटक त्यामानाने किरकोळ. डॉल्फिन जाळ्यात अडकतो तेव्हा जखमेने मरत नाही, वर येता येत नाही म्हणून गुदमरतो. त्यामुळे हातात वेळ मिनिटांचा.

माझ्या चुलतभावाच्या जाळ्यात एक आला होता. शेपटीला आणि पराला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, वर येत होता पण अर्धाच. खलाशांनी सवयीने जाळं ओढायला घेतलं. ओढलं की फास आवळतो. भावाने ओरडून थांबवलं, वाकून त्याच्या छातीखाली हात घातला आणि नाक पाण्याबाहेर धरलं. दुसऱ्याने सुरी घेतली. आधी डोक्याजवळचं कापलं, मग पराचं, शेपटीचं सगळ्यात शेवटी, कारण शेपटी सुटली की तो उसळतो आणि सुरी माणसाला लागते. अंगाला तंगूसाचा तुकडा राहू द्यायचा नाही. तो राहिला तर वाढत्या अंगात रुततो. शेपटीला दोर बांधून होडीवर उचलायचं नाही, मणका निखळतो.

जाळं गेलं, नुकसान झालं. त्यासाठी डिसेंबर २०१८पासून राज्य सरकारची योजना आहे: संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तेव्हा एकाने कापायचं आणि एकाने मोबाइल धरायचा, हे किनाऱ्यावरच ठरवून ठेवा. प्राणी अडकलेला, जाळं कापताना आणि तो पोहत जाताना, तिन्ही घ्या. भावाच्या खलाशाने फक्त शेवटचं घेतलं. त्यात नुसतं पाणी दिसत होतं. अर्जासाठी मत्स्य विभाग किंवा वनखात्याचा कांदळवन कक्ष गाठायचा.

फाटकं जाळं समुद्रात टाकून येणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांना सगळं माहीत असतं.

वाळूवर लागला तर

पहिला फोन १९२६, वनखात्याची हेल्पलाइन. गाव, जवळची खूण, जिवंत की मेलेला, अंदाजे लांबी एवढं सांगा. मग हे करा.

जिवंत असेल तर ढकलून पाण्यात घालायची घाई करू नका. एकटा प्राणी किनाऱ्याला लागतो तो पुष्कळदा आजारी किंवा दमलेला असतो. ढकलला तर पुढच्या वाडीत परत लागतो. तो कुशीवर पडला असेल तर सांभाळून पोटावर करा. दोन्ही बाजूच्या परांखाली वाळू उकरून खळगे करा, म्हणजे पर दुमडत नाहीत. अंगावर ओली साडी, चादर, टॉवेल घाला आणि बादलीने पाणी घालत राहा. नाकावर कापड नाही, नाकात पाणी नाही. ही चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे: भल्या मनाचा माणूस कळशीभर पाणी नेमकं डोक्यावर ओतत होता. सावली करा. आपल्या तोंडाला रुमाल बांधा, त्याच्या श्वासातून रोग येऊ शकतो. कुत्री आणि सेल्फीवाले दोघांना लांब ठेवा. कुत्री लवकर ऐकतात.

मोठा देवमासा असेल तर शेपटीजवळ उभंसुद्धा राहू नका. पाणी नसलं की त्याचंच वजन त्याच्या आतड्या-काळजावर येतं, त्यामुळे मदत करूनही तो वाचेलच असं नसतं. २०१५च्या जूनमध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी निळा देवमासा जिवंत लागला आणि गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं. गावकरी, वनखातं, टगबोट, सगळे लागले, खोल पाण्यात नेलं, तरी ते वाचलं नाही.

मेलेला असेल तरी फोन कराच. पावसाळ्यात असे बरेच लागतात. हात न लावता दोन्ही बाजूंचे, दातांचे, पराचे फोटो काढा, शेजारी चप्पल ठेवा म्हणजे माप कळतं. लांबी मोजायची तर तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत. जाळ्याचे वळ असतील तर त्यांचा फोटो आवर्जून.

आणि वाळूत मेणासारखा करडा गोळा सापडला तर घरी नेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर 'व्हेलची उलटी, कोटीचा माल' म्हणून फिरतं तेच हे. ते जवळ बाळगणंही गुन्हा आहे. लोक आत गेले आहेत.

डॉल्फिन शोचं काय

दर हंगामात कोणीतरी विचारतं, "दुबईसारखा शो इथे का नाही करत?" आमच्याच तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड नावाच्या समुद्री उद्यानाचं घाटत होतं, गावकऱ्यांनी जमिनीसाठी विरोध केला. डॉल्फिनच्या बाजूने उत्तर २०१३च्या मे महिन्यात मिळालं: केंद्राने देशात डॉल्फिनेरियमना बंदी घातली. त्याआधी १९९८च्या सुमारास चेन्नईजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते, ते काही महिन्यांतच मेले. बाहेरदेशी फिरायला जाल तेव्हा तिकीट काढण्याआधी एवढंच विचारा की हे प्राणी कुठून आणले. जपानमध्ये तायजीला डॉल्फिन हाकून खाडीत कोंडतात, देखणे निवडून मत्स्यालयांना विकतात, बाकीचे मारतात. आम्ही पाच होड्यांनी केलं त्याचीच मोठी आवृत्ती.

शिकार आपल्या समुद्रात झालीच नाही असंही समजू नका. १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २४२ कुबडे देवमासे (हंपबॅक व्हेल) मारले. ती जात अजून सावरलेली नाही, ओमानजवळ शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे. त्यातली एक मादी, लुबान, म्हणजे आपला ऊद-लोबानातला लोबान, २०१७च्या अखेरीस ओमानहून निघाली. पाठीवर उपग्रहाचा टॅग. समुद्र ओलांडून गोव्यावरून कन्याकुमारीपर्यंत गेली. म्हणजे आमच्या दारावरूनच गेली, आणि आम्ही त्या दिवशी बांगड्याच्या भावावरून भांडत असणार.

जाता जाता वही

माझ्या होडीत आता शंभर पानी वही असते, प्लास्टिकच्या पिशवीत. तारीख, वेळ, जागा, किती मोठे, पिल्लू होतं का, भरती की सुकती. पराच्या कडेला खाचा असतात, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. तुमच्याकडे लांबचं काढणारा कॅमेरा असेल तर पराचा आडवा फोटो घ्या, उडीचा नको. मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर अशा नोंदी कोणालाही देता येतात.

फेब्रुवारीतल्या त्या मादीच्या परावर मागच्या कडेला दोन खाचा होत्या, खालची जरा खोल. वहीत तिची नोंद सात वेळा आहे. शेवटची डिसेंबरातली, सकाळी सात पन्नास, भोगव्याच्या समोर, सुकती. पिल्लाच्या रकान्यात 'हो' लिहिलंय. तेच की दुसरं, ते लांबून कळलं नाही, आणि जवळ गेलो नाही.