आईच्या वडिलांचे घराणे शोधताना डीएनए कोणाचा तपासावा?

पूर्वजांच्या शोधासाठी ‘सर्वांत चांगली चाचणी कोणती’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण वाय, मायटोकाँड्रियल आणि ऑटोसोमल या तिन्ही चाचण्या वंशवृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्या पाहतात. ज्या पूर्वजाबद्दल जाणून घ्यायचे आहे, त्याच्यापासून आपल्यापर्यंत कागदावर एक रेघ ओढावी. तिच्यावर कुठे पुरुष आणि कुठे स्त्री येते, त्यावरून चाचणी ठरते.

मी नेमका इथेच चुकलो. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नागपूरच्या महाल भागातले. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर सातारा भागातून आले, असे घरात सांगत, आणि ते पडताळण्यासाठी मी स्वतःची वाय चाचणी करून घेतली. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते; त्यामुळे अहवाल माझ्या वडिलांच्या घराण्याचा आला आणि आजोबांबद्दल त्यात काहीच नव्हते. मावसभाऊ नमुना द्यायला तयार होता, पण त्याचे वाय गुणसूत्र मावसोबांच्या घराण्याचे. नमुना मामांचाच हवा होता. ते हयात नसल्याने अखेर मामेभावाचा घेतला.

तेवढ्यानेही काम होत नाही. एकट्या अहवालातून गाव कळत नाही, जात किंवा गोत्र तर मुळीच नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. साताऱ्याकडील संबंधित घराण्यातल्या पुरुषाचा नमुनाही लागतो, आणि तुलना किमान ३७ मार्करांवर, म्हणजे गुणसूत्रावरील तपासायच्या ठरावीक जागांवर, करावी. १२ मार्करांवर अनोळखी माणसेही जुळतात.

मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतला डीएनए, आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुली देतात. त्याची पूर्ण १६,५६९ रासायनिक अक्षरे वाचणारी चाचणीच घ्यावी.

ऑटोसोमल चाचणी, म्हणजे लिंग ठरवणारी सोडून बाकीच्या गुणसूत्रांची चाचणी, सर्व फांद्यांना स्पर्श करते, पण प्रत्येक आजी-आजोबांचा वाटा आपल्यात सरासरी २५ टक्केच उरतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने झाली, कित्येक घरांत मामेबहिणीशीही, त्यामुळे दूरचे नातेवाईक अहवालात जवळचे दिसतात. म्हणून अहवालातले ‘चुलत भावंड’ हे नाते वंशावळीशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारू नये. प्रदेशांच्या टक्केवारीवर तर मी वेळ घालवत नाही. कंपनीने तुलनेसाठी घेतलेले गट बदलले की तीही बदलते.

लाळेचा नमुना देण्यापूर्वी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. आजी हयात असेल तर, अहवालातून काय काय उघड होऊ शकते ते समजावून आणि तिची संमती घेऊन, पहिला नमुना तिचा घ्यावा.