वाढत्या अंगाचे हिरो : गल्लीतल्या पोरांसोबत कार्टून मालिका करायची कशी

मे महिना लागला की सांगलीतल्या आमच्या घराच्या सोप्यात (ओसरीवर) आठ-दहा पोरं जमतात. मी शाळेत चित्रकला शिकवायची. आता निवृत्त आहे, पण गल्लीला मी अजून 'बाई'च. गेली सहा वर्षं दर सुट्टीत आम्ही आमच्याच गल्लीवर हसरी कार्टून मालिका करतो. दीड-दीड मिनिटाचे चार भाग, कागदी बाहुल्या, एक फोन आणि दोन बल्ब, एवढाच पसारा. बाहुली जरा सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. हे फोटो, म्हणजे आमची 'चित्रं', भरभर दाखवली की बाहुली हलताना दिसते. तुमच्या वाडीत किंवा सोसायटीत हे सहज जमेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात हिरोपासून करा, फोन नंतर काढा. पोरांना विचारलंत तर ती आधी उडणारा, मुखवटा घातलेला माणूस सांगतील. सांगू दे. मग दुसरा प्रश्न विचारा : आपल्या गल्लीत सगळे कुणाच्या कुठल्या खोडीला हसतात? इथे सोपा नुसता उसळतो. एक आजी फोनवर इतक्या मोठ्यानं बोलते की पलीकडच्या आळीला तिच्या सुनेचा डबा पाठ आहे. शिंपीकाका कापड कधीच वेळेवर देत नाहीत आणि लहान मुलांचे कपडे कायम 'वाढत्या अंगाचे' शिवतात. एक बोका रोज दुधाच्या गाडीखाली झोपतो. आमच्यात एक चौथीतली मुलगी आहे, ती झोपण्याआधी कॉटखाली तीनदा बघते.

ही खोडच पुढे उपयोगाला आली पाहिजे. सगळी मालिका या एका खिळ्यावर टांगलेली असते. आजीचा आवाज लाइट गेल्यावर गल्लीचा भोंगा होतो. कॉटखाली बघणारीलाच हरवलेली टाकीची चावी सापडते, कारण तिथे बघायची सवय फक्त तिला आहे. हसू खोडीवर सुरू होतं, आणि शेवटी त्याच खोडीनं काम फत्ते झालं की आनंदाचं होतं.

हे मी चुकून शिकले. पहिल्या वर्षी पोरांनी गल्लीतल्या एका माणसाचं अडखळत बोलणं घेतलं होतं आणि विनोद तेवढाच होता. मला ते खटकलं नाही, हा दोष माझा. दाखवायच्या दिवशी ते गृहस्थ पुढच्या सतरंजीवर बसले होते. दुसऱ्या हशाला ते उठले, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी माफी मागून आले. तेव्हापासून आमचे दोन नियम आहेत : शरीरातल्या उणिवेवर विनोद नाही, आणि ज्याच्यावरून पात्र घेतलं त्याला विचारल्याशिवाय, नाव बदलल्याशिवाय आणि आधी दाखवल्याशिवाय भाग बाहेर जात नाही.

संकट गल्लीच्या मापाचं ठेवा. जग वाचवायला दीड मिनिट पुरत नाही, पण संध्याकाळचं पाणी सुटायच्या आत चावी शोधायला पुरतं. बंद घराच्या अंगणात गेलेला चेंडू, वरातीच्या तोंडावर हरवलेला नवऱ्याचा बूट, मिरवणुकीत चुकलेलं पोर, अशी संकटं मुलांनी स्वतः पाहिलेली असतात. त्यामुळे कोण काय बोलेल हे त्यांना आपोआप सुचतं.

आमचा सगळ्यात जमलेला भाग शिंपीकाकांचा. गणपतीची मिरवणूक, तुडुंब गर्दी आणि त्यात एक पोर चुकलं. माइकवर आवाज येतो : "निळी चड्डी, पांढरा शर्ट." पडद्यावर बघावं तर एकजात सगळी पोरं निळ्या चड्डीत. पोलीसमामा डोकं धरतात. मग काका गुडघ्यावर बसून एकेका चड्डीची शिवण उलटून बघत सुटतात. लोक ओरडतात, बोका पळतो, आणि भडंगाच्या गाड्यापाशी काका थांबतात : "ही दुमड माझी!" आत दोन इंच कापड दुमडून ठेवलेलं, वाढत्या अंगासाठी. पोर सापडलं. भागाच्या सुरुवातीला याच दुमडीवरून पोराची आई काकांशी भांडत असते. ते भांडण आधी ठेवायचं सुचवलं सातवीतल्या एका मुलीनं आणि गोष्ट तिथेच उभी राहिली.

आता बाहुल्या. कागद विकत आणू नका. लग्नसराई असते, प्रत्येक घरात जाड लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. तो पुठ्ठा वाकत नाही आणि कात्रीला जडही जात नाही. पात्र वीतभर उंच करा आणि त्यातला तिसरा हिस्सा डोक्याला द्या, कारण सगळा अभिनय तोंडावर असतो. डोकं, धड, दंड, हात, मांडी, पाय वेगवेगळे कापा. सांध्यावर दाभणानं भोक पाडून जाड दोरा ओवा आणि पुढून-मागून गाठ मारा. गाठ सैल झाली तर हात लोंबकळतो, करकचून बांधली तर हलत नाही. हात वर करून सोडल्यावर तो तिथेच राहिला पाहिजे, एवढी घट्ट. एका बाहुलीला सकाळ जाते, ती जाऊ द्या. पोरं सारखी ओरडत येतील, "बाई, ह्याचा हात तुटला की!" आपण दोरा पुन्हा ओवायचा.

सांगलीत बसून बाहुल्या करताना मला नाटककार विष्णुदास भावे आठवतात. 1843 साली त्यांनी इथे 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि पुढे बोलक्या बाहुल्यांचे रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा उभ्या केल्या, हे पोरांना सांगितलं की गाठ मारणारा हात जरा सावकाश चालतो.

डोळ्यांसाठी काळ्या टिकल्या आणा, मध्यम आकाराच्या. पांढऱ्या कागदाच्या डोळ्यावर टिकली हे बुबुळ. ती निघते, सरकते, पुन्हा चिकटते. टिकली नाकाकडे सरकवली की पात्र गोंधळलं, वर सरकवली की आठवतंय. आमचा बोका सबंध भागात फक्त टिकल्या हलवतो आणि सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळतो. पापणीसाठी कातडीच्या रंगाचा अर्धगोल कापून ठेवा. उघडझाप तीन चित्रांत संपते : अर्धी, पूर्ण, अर्धी.

तोंडं सहा पुरतात. बंद ओठ (प, ब, म), मोठा आ, पसरट ए-ई, गोल ओ-उ, खालच्या ओठावर दात टेकलेलं (व, फ) आणि जीभ दिसणारं (ल, त). ती काडेपेटीत ठेवा आणि भुवया कोरायच्या चिमट्यानं उचला, बोटांनी उचललीत तर धडही सरकतं.

आवाज आधी रेकॉर्ड करा. नवखे लोक नेमकं उलट करतात आणि मग तोंड एकीकडे, शब्द दुसरीकडे. पोरांना खोलीत बसवून, पंखा बंद करून संवाद फोनवर घ्या. भाषा गल्लीचीच राहू द्या. आमचे काका "काय करालाय रे?" म्हणतात, तिथे "काय करतो आहेस?" घातलं तर पात्र मरतं. पावसासाठी सुपात तांदूळ फिरवा, गर्दीसाठी सगळ्यांनी एकदम पाढे म्हणा, पळणाऱ्या बोक्यासाठी ताटलीवर बोटं वाजवा.

यानंतर हिशेब. आम्ही सेकंदाला 12 चित्रं धरतो. सिनेमा 24 चा असतो, पण कागदी बाहुलीला 12 भरपूर होतात. म्हणजे मिनिटाला 720 आणि दीड मिनिटाला 1080. आकडा ऐकून घाबरू नका, कारण पात्र नुसतं उभं असतं तेव्हा एकच चित्र लांबवता येतं. "ही दुमड माझी!" म्हणायला आमच्या मुलाला दीड सेकंद लागला, म्हणजे 18 चित्रं. वहीत 1 ते 18 आकडे मांडून प्रत्येकासमोर कुठलं तोंड ते लिहिलं. हा तक्ता नीट झाला की निम्मं काम झालं. ज्याला गणित आवडतं त्याच्याकडे ही वही द्या.

फोन वरून खाली बघणारा लागतो. दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या पाठीला पाठ करून हातभर अंतरावर ठेवा, पाठींवर दोन लाकडी पट्ट्या आडव्या टाका, त्यांच्या फटीवर फोन ठेवून सुतळीनं बांधा. खाली जमिनीवर रंगवलेली गल्ली, पाटाला चारही बाजूंनी चिकटवलेली. पाट एका मिलिमीटरनं सरकला तरी पडद्यावर भूकंप होतो, म्हणून पाटाभोवती खडूनं रेघ मारून ठेवा. ॲपमध्ये 'स्टॉप मोशन स्टुडिओ' सोपं आहे. त्यात आधीचं चित्र फिकट दिसत राहतं, त्यामुळे हात किती सरकवला ते कळतं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन मिरवणुकीत कुणाच्या तरी मावशीचा फोन येतो. तारेचा इअरफोन असेल तर बऱ्याच फोनमध्ये त्याच्या आवाजाच्या बटणानं फोटो निघतो आणि फोनला धक्का लागत नाही.

उजेड खिडकीचा घेऊ नका. पहिल्या वर्षी दुपारभर काढलेली चित्रं लावून बघितली तर गल्ली लुकलुकत होती. वर ढग सरकत होते ते आम्हाला कळलंच नव्हतं. आता दारं-खिडक्या बंद, दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, एकाच वॅटचे बल्ब तिरके लावलेले. पडद्यावर बोट दाबून ठेवून उजेड आणि फोकस दोन्ही पक्के करा, म्हणजे फोन मधेच आपल्या मनानं चित्र गडद करणार नाही.

पहिल्या दिवशी मात्र बाहुल्यांना हात लावू देऊ नका. गूल काढून टाकलेल्या आगकाड्या द्या आणि त्या चालवायला सांगा. दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज' केली ती अशाच एकेक चित्र काढत. काडीला ना तोंड ना डोळे, तरी ती लाजली पाहिजे, पळाली पाहिजे. पोरं तासाभरात दोन गोष्टी शोधून काढतात. एक, निघताना आणि थांबताना काडी थोडी थोडी सरकवायची, मधे भरभर. दुसरी, पुढे पळण्याआधी काडी जरा मागे झुकली की पळणं जोरकस दिसतं. ही दोन्ही गुपितं मी सांगितली असती तर कुणाच्या लक्षात राहिली नसती.

दोन तासांत आमची साधारण दीडशे चित्रं होतात. तिघांची एक तुकडी करा : एक हलवणारा, एक फोटो काढणारा, एक 'हात!' ओरडणारा. हे तिसरं काम सगळ्यात लहान मुलाला द्या. चौकटीत कुणाचं बोट किंवा सावली राहिली की त्यानं ओरडायचं. पहिलीतली मुलं हे काम जीव लावून करतात.

विनोदाला जागा लागते. हशा येणार तिथे नंतरची आठ-दहा चित्रं काहीही हलवू नका, फार तर टिकली सरकवा. पोरांना घाई असते, लगेच पुढचं वाक्य हवं असतं. त्यांना एकदा थांबून आणि एकदा न थांबता असं दोन्ही लावून दाखवा, ती स्वतःच थांबा मागतील. आणि एकच गंमत तीनदा वापरा, दर वेळी जास्त अवघड जागी : काका आधी शेजाऱ्याचं माप घेतात, मग झोपलेल्या बोक्याचं, मग मिरवणूक चालू असताना पोलीसमामांचं.

पूर हा विषय आमच्याकडे येतोच. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, आणि यातल्या मोठ्या पोरांनी ते गच्चीवरून पाहिलंय. त्यावर हसरा भाग करावा का, असं मला वाटायचं. पोरांनीच तो केला. आजीचा आवाज त्यात बोटीला दिशा दाखवतो. पाणी दाखवायला निळा जिलेटीन कागद फाडून तीन पट्ट्या केल्या आणि प्रत्येक चित्राला एक पट्टी उजवीकडे, एक डावीकडे सरकवली. घरं आणि माणसं त्याखालून निळसर दिसतात. त्या भागात कुणाचं घर पडत नाही. ही अट एका मुलानं घातली, सगळ्यांनी मानली.

दाखवायला चादर आणि उसना प्रोजेक्टर पुरतो. पण त्याआधी, ज्याच्यावरून पात्र घेतलं त्याच्या घरी किंवा दुकानात दोन मुलांनी फोन घेऊन जायचं. यंदा शिंपीकाकांकडे गेलो तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा लावला आणि भाग दोनदा बघितला. हसले नाहीत. मला धडकी भरली. मग म्हणाले, "बाई, बाकी झ्याक हाय. पण दोन इंच कुठलं? मी अडीच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुमड नव्यानं कापली आणि ती 14 चित्रं पुन्हा काढली.