दहावीच्या परीक्षेसाठी परिसंस्था आणि पर्यावरणाची उजळणी कशी करावी

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 च्या 40 गुणांच्या पेपरात पर्यावरणाचा भाग सोपा समजला जातो आणि त्याची उजळणी बहुधा शेवटच्या दिवसांवर ढकलली जाते. धडा वाचताना सारे ओळखीचे वाटते. परंतु ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा प्रश्न समोर आला, की उत्तर ‘निसर्गाचा समतोल बिघडतो’ या मोघम वाक्यावर थांबते. परीक्षकाला तेथे कार्यकारणाची साखळी हवी असते, म्हणजे कशामुळे काय झाले आणि त्यातून पुढे काय घडले हे क्रमाने हवे असते. ही साखळी ओळखीच्या जागेवर उलगडून पाहिली तरच लक्षात राहते, आणि कोल्हापूर परिसरातील विद्यार्थ्यांना अशा जागा हाकेच्या अंतरावर आहेत.

सुरुवात दहावीच्या ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’ या धड्यापासून न करता नववीच्या ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ या धड्यापासून करावी, कारण पुढचा धडा त्यातील संकल्पना येतात असे गृहीत धरूनच लिहिलेला आहे. त्या धड्याचे सार दोन वाक्यांत आहे: ऊर्जेचे वहन एकाच दिशेने होते आणि पोषकद्रव्ये चक्राकार फिरतात. प्रत्येक पोषण पातळीवर ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो आणि ती उष्णता कोणतीही वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी पुन्हा वापरू शकत नाही. कार्बन व नायट्रोजन मात्र माती, हवा आणि सजीव यांच्यात फिरत राहतात. माझ्या मते या धड्यातील निम्म्याहून अधिक चुका या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

पहिला सराव उसाच्या फडावर करावा. 2002 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील उसावर लोकरी माव्याचा मोठा प्रादुर्भाव झाला होता आणि त्याच्या नियंत्रणासाठी डिफा व मायक्रोमस या मित्रकीटकांचा उपयोग करण्यात आला. यातून ‘ऊस → लोकरी मावा → डिफाची अळी’ ही अन्नसाखळी मिळते. येथे ऊस उत्पादक, मावा प्राथमिक भक्षक आणि डिफाची अळी द्वितीयक भक्षक आहे. बाणाकडे नीट लक्ष द्यावे. बाण म्हणजे ‘कोण कोणाला खातो’ याची खूण समजून विद्यार्थी तो खाणाऱ्याकडून भक्ष्याकडे काढतात आणि बाकी सारे बरोबर असूनही आकृतीचे गुण गमावतात. बाण ऊर्जेची दिशा दाखवतो, म्हणून त्याचे टोक नेहमी खाणाऱ्याकडे असले पाहिजे.

याच फडावर परिसंस्थेतील मनोऱ्यांची, म्हणजे प्रत्येक पोषण पातळीवरील संख्या, वस्तुमान किंवा ऊर्जा दाखवणाऱ्या आकृत्यांची तुलनाही करता येते. एका उसावर माव्याचे असंख्य कीटक असतात, त्यामुळे येथे संख्येचा मनोरा तळाशी अरुंद आणि वर रुंद होतो. काही जलीय परिसंस्थांत जैववस्तुमानाचा मनोराही उलटा असतो, कारण वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म उत्पादकांची, वाढ जितकी झपाट्याने होते तितक्याच झपाट्याने ते खाल्ले जातात आणि एखाद्या क्षणी मोजले असता त्यांचे वस्तुमान कमी भरते. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीही उलटा होत नाही. परिसंस्थेचे अभ्यासक रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये मांडलेल्या विचारानुसार एका पातळीवरील ऊर्जेपैकी साधारण 10 टक्के ऊर्जाच पुढील पातळीला मिळते. म्हणजे उत्पादकांकडे 10,000 किलोकॅलरी असतील तर प्राथमिक भक्षकांना 1,000, द्वितीयक भक्षकांना 100 आणि तृतीयक भक्षकांना केवळ 10 किलोकॅलरी मिळतील. अन्नसाखळीत चार-पाचच पातळ्या का असतात, या प्रश्नाचे उत्तर लिहिताना हे आकडे मांडावेत.

ऊस तुटून गेल्यावर मागे राहणारे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, हे चक्रांच्या अभ्यासाचे उत्तम साधन आहे. पाचट पेटवले, तर त्यातील कार्बन लगेच कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो आणि नायट्रोजनचाही बराचसा भाग वायुरूपाने निघून जातो. तेच पाचट सरीत कुजू दिले, तर विघटक त्यातील सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. नायट्रोजनचे अमोनीकरण होते, म्हणजे त्यापासून अमोनिया तयार होतो, नंतर नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर या जीवाणूंमुळे नायट्रीकरण होऊन नायट्रेट तयार होते आणि ते पिकाची मुळे शोषून घेतात. पाचट कुजवताना त्यावर युरिया का टाकतात, हे एखाद्या शेतकऱ्याला आवर्जून विचारावे. पाचटात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन अत्यल्प असतो, आणि स्वतःच्या वाढीसाठी विघटकांनाही नायट्रोजन लागतो. हवेत 78 टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतींना तो थेट घेता येत नाही, हे विधान याच्या जोडीने लिहून ठेवावे आणि शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत ऱ्हायझोबियम हा जीवाणू काय करतो, ते त्याखाली मांडावे.

जलप्रदूषणासाठी कोल्हापूरचा रंकाळा तलाव घ्यावा, कारण त्यावर पसरलेली जलपर्णी बहुतेक कोल्हापूरकरांनी पाहिली आहे. ‘तलावात सांडपाणी मिसळल्यास मासे मरतात’ याचे शास्त्रीय कारण पुढीलप्रमाणे लिहावे. सांडपाण्याबरोबर नायट्रेट व फॉस्फेट तलावात येतात; त्यामुळे शैवाल व जलपर्णी यांची बेसुमार वाढ होते; पृष्ठभाग झाकला गेल्याने सूर्यप्रकाश खालपर्यंत पोहोचत नाही आणि पाण्याखालील वनस्पती मरतात; या मृत अवशेषांचे आणि सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांचे विघटन करणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोठ्या प्रमाणात वापरतात; ऑक्सिजनची पातळी घसरल्यामुळे मासे मरतात. यातील एकही पायरी वगळू नये. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते पण श्वसन चालूच राहते, त्यामुळे पहाटेच्या सुमारास ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, हे वाक्य जोडल्यास उत्तर अधिक भक्कम होते. केवळ ‘पाणी विषारी होते’ असे लिहिल्याने ही प्रक्रिया समजल्याचे दिसत नाही.

जैवविविधतेच्या आनुवंशिक, प्रजातींची आणि परिसंस्थेची या तीन पातळ्या राधानगरी अभयारण्याच्या आधारे लिहाव्यात. या अभयारण्याची घोषणा 1958 मध्ये झाली, गवा ही त्याची ओळख आहे आणि 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे. एकाच कळपातील गव्यांमधील फरक ही आनुवंशिक विविधता. गवा, बिबट्या आणि शेकरू ही प्रजातींची विविधता. सदाहरित जंगल, सडा (खडकाळ पठार) आणि जलाशय ही परिसंस्थेची विविधता. शेकरू हा आपला राज्यप्राणी पाठ्यपुस्तकात अनिश्चित प्रजातींचे उदाहरण म्हणून येतो, त्यामुळे तो दोन्ही प्रश्नांत उपयोगी पडतो.

कायद्यांची सनावळी पाठच करावी लागते, त्यावर फार वेळ घालवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, वनसंवर्धन कायदा 1980, पर्यावरण संरक्षण कायदा 1986 आणि जैवविविधता कायदा 2002, एवढा क्रम रोज एकदा लिहावा.

प्रत्यक्ष उजळणी करताना पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर नायट्रोजन चक्र काढावे, प्रत्येक बाणावर प्रक्रियेचे नाव लिहावे आणि त्यानंतरच पुस्तकाशी ताडून पाहावे. जो बाण कोरा राहिला असेल, तेवढाच भाग पुन्हा वाचावा आणि दुसऱ्या दिवशी चक्र नव्याने काढावे. शास्त्रीय कारणांची उत्तरे लिहून झाल्यावर त्यातील ‘समतोल’, ‘प्रदूषण’ आणि ‘ऱ्हास’ या शब्दांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येक ठिकाणी नेमका कोणता घटक वाढला किंवा घटला, हे त्याच वाक्यात लिहिले आहे का ते तपासावे. नसेल तर ते वाक्य पुन्हा लिहावे.